१३५७ फसलीची कोरी पानं

२०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या तहसिलीत जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. बाहेर झेरॉक्सवाल्यांनी टेबलं मांडलेली, आत अभिलेख कक्षात कित्येक वर्षांत कुणी न सोडलेले दफ्तराचे रुमाल सोडले जात होते. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली होती आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंद सापडते का, हे अख्खा मराठवाडा शोधत होता. मीही आजोबांच्या नावासाठी रांगेत उभा राहिलो होतो.

मोडी वाचायला एक पंचविशीतला पोरगा बसवला होता. आमच्या गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर त्यानं उघडलं. मथळे उर्दूत, नोंदी मोडीत, साल फसली, म्हणजे निजामाचं महसुली, महिने इराणी. बहमन, इस्फंदार, फरवर्दी करत तो बोटानं ओळी खाली आणत होता. चार-आठ दिवसांनी एखादी नोंद असायचीच: अमक्याला मुलगी, तमक्याची म्हातारी तापानं मेली. १३५७ फसलीच्या तीर महिन्यापर्यंत हे सुरळीत चाललं होतं. मग पान कोरं. पुढचं कोरं. त्याच्या पुढचंही. रेघा आखलेल्या, रकाने पाडलेले, आत शाईचा ठिपका नाही. त्यानंतर नोंदी पुन्हा सुरू झाल्या त्या वेगळ्या हाताच्या आणि वेगळ्या शाईच्या.

"सर, इथं काहीच नाही," पोरगा म्हणाला आणि त्यानं पानं उलटली. त्याचं बरोबर होतं, त्याला कुणबी शब्द हवा होता. मला मात्र उभ्या जागी हिशोब लागला. फसली सालात ५९१ मिळवले की त्या महिन्यांचा इसवी सन येतो. तीर ते आबान म्हणजे १९४८ चा मे ते सप्टेंबर. सरकारी कागदाप्रमाणे त्या पाच महिन्यांत आमच्या गावात कुणी जन्मलं नाही आणि कुणी मेलंही नाही.

त्या पाच महिन्यांचा हिशोब गावानं स्वतः लिहून ठेवला पाहिजे, अख्खा, दोन्ही बाजूंनी, आणि आत्ता, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठीच हा लेख.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सोलापूरच्या हद्दीपासून कोसभरावर. युद्ध म्हटलं की आमच्या पोरांना कारगिल आठवतं, फार तर पानिपत. आपल्या गावात युद्ध झालं होतं हे त्यांना ठाऊक नाही. हद्दीपलीकडच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी मुलखातल्या काही गावांत चावडीच्या नाही तर वेशीच्या भिंतीत संगमरवराची पाटी बसवलेली दिसते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतके मेले. इंग्रजानं माणसं परक्या लढाईत मारली, पण निदान आकडा तरी कोरून ठेवला. आमच्या वेशीत पाटी नाही. आता तर वेसही नाही, रस्ता रुंद करताना पाडली.

थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो, तरुण वाचकांसाठी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे, त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. मीर उस्मान अली खान निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी 'जैसे थे' करार झाला खरा, पण जैसे थे काहीच राहिलं नाही. इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष कासीम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे आमच्याच भागातला. त्याची रझाकार सेना गावोगाव फिरू लागली. दुसऱ्या बाजूनं स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस, गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं, आणि बार्शी तालुक्यातल्या चिंचोलीसारखे सरहद्दीवरचे कॅम्प. कॅम्पातली पोरं रात्री येत, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, शिंदीची झाडं तोडत आणि उजाडायच्या आत हद्दीपार होत. त्याची किंमत मधल्या गावांना मोजावी लागे, कारण नाका जळाला की दुसऱ्या दिवशी रझाकार यायचे ते नाक्याशेजारच्या गावात.

त्यात महायुद्धापासून चालत आलेली लेव्ही. घरातली ज्वारी मोजून द्यायची आणि स्वतः कण्या शिजवायच्या. करारानंतर भारताकडून येणाऱ्या मालाचीही आबाळ झाली. मीठ नाही, घासलेट नाही. आजी सांगायची, मिठासाठी ती कोसभर चालत पलीकडं जायची. पण तिकडं भारताचा कलदार रुपया चालायचा आणि हिच्या कनवटीला निजामाचा हाली. सात हाली दिले तर सहा कलदार. बाजारात उभी राहून ती बोटांवर सातचा पाढा म्हणायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला सातचा पाढा मरेपर्यंत येत होता.

आमचं जुनं घर माळवदाचं. त्याच्या मधल्या खणातल्या तुळईचा एक हातभर भाग जळालेला होता. काळा, खवल्याखवल्यांचा, सुसरीच्या पाठीसारखा. पावसाळ्यात माळवद ठिपकू लागलं की त्या भागातून काळं पाणी खाली यायचं आणि आजी तिथं परात ठेवायची. तिला ती 'रझाकारी तुळई' म्हणायची. आम्हा पोरांना वाटायचं, रझाकारी ही सागवानी, बाभळीसारखी लाकडाची जात असावी. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, माळवदाच्या घरांनी माणसं गाडली, आणि आम्हीही ते घर उतरवून पत्रे घातले. तुळई गोठ्यात गेली. आज तिच्यावर म्हशीच्या दाव्याचा खुंटा ठोकलेला आहे, पण जळका भाग जसाच्या तसा आहे. नखानं खरवडला तर अजून काजळी येते.

घर जळालं त्या दिवशी आजी दोन लेकरांना घेऊन बळदात उतरली होती. भिंतीतलं ते ज्वारीचं बळद लेव्हीनं रिकामं केलेलं होतं, म्हणून त्यात माणसं मावली. धाकटं रडू नये म्हणून तिनं त्याच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. ते धाकटं म्हणजे माझे वडील. पुढं श्रावणात, डोक्याएवढ्या ज्वारीतून, भर पावसात अख्खं गाव रातोरात हद्दीपार झालं. आमच्याकडं त्या सालाला 'पळापळीचं साल' म्हणतात.

आता एक बारकावा. रझाकार आले ते तालुक्याच्या गावाहून. त्यांना आमच्या गल्लीतलं कुणाचं घर कुणाचं हे कसं कळणार? कुणीतरी बोट दाखवलं. ते बोट गावातल्याच एका मातब्बर घराण्यातलं होतं, आमच्याच भावकीतलं. बांधाचं भांडण होतं, ते रझाकारांकडून उरकून घेतलं. आजी हे घराबाहेर कधी बोलली नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणांत मी ते कधी ऐकलं नाही. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मार खाल्ला तो हिंदूंनी, एवढ्यावर भाषण आटोपतं. हैदराबादेत 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान यानं रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला, त्याचं नाव आमच्या शाळेतल्या किती पोरांना माहीत आहे? रझाकारांत काही दलित तरुणही ओढले गेले होते. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून निजामाच्या आणि इत्तेहादच्या नादी लागू नका असं बजावलं होतं. तसं बजावण्याची पाळी का आली, गावकुसाबाहेर माणूस कोणत्या आशेनं आणि कोणत्या रागानं कुठं ओढला जातो, हे गावाच्या इतिहासात यायला नको का? पण ते आलं की मग गावकुसाच्या आतल्यांचीही गोष्ट निघते, म्हणून ते राहू दिलं जातं.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेऊन सकाळीच तिनं नळदुर्ग जिंकलं. पुढं उमरगा, मग हैदराबादचा रस्ता. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीनं जनरल चौधरींपुढं शस्त्रं ठेवली. पाच दिवसांत संपलं. कागदोपत्री नाव पोलीस ॲक्शन, पण सोबत रणगाडे आणि विमानं. आमच्या गावात तोफेचा आवाज ऐकलेली तीन-चार माणसं अजून आहेत. ती सांगतात की आवाजानं आधी कुत्री गप्प झाली.

इथपर्यंतची गोष्ट गावात सगळे सांगतात. आजीही सांगायची, आणि क्रियापदं ठणठणीत असायची: त्यांनी जाळलं, त्यांनी लुटलं, आम्ही पळालो, मिल्ट्री आली. यानंतर मात्र तिच्या बोलण्यातलं व्याकरण बदलायचं. "दसऱ्याला परत आलो तर मुलाण्याची घरं नव्हती." नव्हती म्हणजे? "गेली." कुठं गेली? "गेली लेकरा, राहिली नाहीत." कर्ता गायब. मी मराठी शिकवणारा मास्तर, तीस वर्षं पोरांना कर्तरी-कर्मणी प्रयोग समजावले. पण कर्ता कसा लपवतात हे मला आजीनं शिकवलं. आणि एकटी आजीच नाही. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, पोलीस ॲक्शनच्या आधीचं वाक्य कर्त्यानं सुरू होतं आणि नंतरचं कर्त्याशिवाय.

आमच्या गावात आज एकही मुसलमान घर नाही. तरी दर मोहरमला पंजाची सवारी, म्हणजे मिरवणूक, निघते. पंजा एका मराठा घरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, हिरव्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. तेच घर चोंगे करतं, मलिदा वाटतं. अलाव्यात लाकडं टाकायचा मान दुसऱ्या एका घराकडं आहे. फातिहा म्हणायला मात्र गावात कुणी नाही, म्हणून तालुक्याहून एक मुजावर मोटारसायकलवर येतात, फातिहा पढतात, पेट्रोलचे पैसे आणि मलिद्याचा डबा घेऊन जातात. बाहेरचे पाहुणे हे पाहून भारावतात, सर्वधर्मसमभावावर चार शब्द बोलतात. दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका पोरीनं मला विचारलं, "सर, सवारी मुसलमानाची असती ना? मग आपल्या गावात मुसलमान कुठंयत?" मी तिला म्हणालो, पूर्वी होते. त्यापुढं मला काही सांगता आलं नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

काय झालं असेल, याचा अंदाज करायला मोठा कागद उपलब्ध आहे. भारत सरकारच्याच सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, हा त्यांचा हात राखून केलेला अंदाज. सर्वांत जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे त्यातले दोन आमचे, आणि पहिलं नाव आमच्याच जिल्ह्याचं. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याचीही नोंद आहे. सरकारनं तो अहवाल मानला नाही, छापलाही नाही. काही दशकं तो कुणाला पाहायलाच मिळत नव्हता. आकड्यावर वाद घाला, घालायलाच हवा. पण वाद घालायला गावाचा स्वतःचा आकडा लागतो आणि तो आमच्याकडं नाही. किल्लारीच्या भूकंपात कोणत्या गावात किती माणसं गेली ते आम्हाला तोंडपाठ आहे. त्याच्या पंचेचाळीसच वर्षं आधी माणसांनी माणसं मारली, त्याचा आकडा ना इकडचा आहे ना तिकडचा.

हो, इकडचाही नाही. रझाकारांनी आमच्या गावात नेमकी किती माणसं मारली? भाषणात कुणी सात म्हणतं, कुणी सतरा, आणि एका वर्षी तर प्रमुख पाहुण्यांनी जोशात सत्तर केले. नावं विचारली तर तीनच्या पुढं गाडी सरकत नाही. त्यांतलंही एक नाव धनगराच्या सालगड्याचं, म्हणजे नुसतं पहिलं नाव, बापाचं कुणाला ठाऊक नाही. ज्यांच्या नावानं दरवर्षी झेंडा चढतो त्यांची यादीसुद्धा आपण केलेली नाही. सध्याच्या कर्नाटकात गेलेल्या गोरट्यासारख्या गावात, जिथं मे १९४८ मध्ये दोनशेच्या आसपास माणसं मारल्याचं सांगतात, तिथं निदान स्मारक तरी झालं. छोट्या गावातल्या दोन-चार मेलेल्यांना कोण विचारतं?

यादी झाली नाही असंही म्हणता येत नाही. एक यादी झाली, पेन्शनची. केंद्राच्या सन्मान योजनेत बसायला साधारणपणे सहा महिने तुरुंगवास किंवा सहा महिने भूमिगत राहिल्याचा पुरावा लागायचा, भूमिगताला कुणा मान्यवर स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र. नियम करणाऱ्यांचा दोष नाही, पैसा वाटायचा तर नियम हवा. पण झालं असं की गावानं आपली आठवण पहिल्यांदा कागदावर उतरवली ती स्टॅम्पपेपरवर, आणि वकिलाच्या मजकुरात. सहा महिने बसतात की नाही एवढंच पाहून. एका रात्रीत कॅम्पाला चाळीस भाकरी पोचवणारी बाई त्यात बसली नाही. बळदात पदर कोंबणारी बसायचा प्रश्नच नव्हता. ज्यांना बसायचं नव्हतं ते मात्र बसले: बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण पालकर आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, हे सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्यांच्या आठवणींकडंही लोक संशयानं बघू लागले. आमच्या गावातले एक आण्णा, जे खरोखर नाका जाळायला गेले होते, ते शेवटी शेवटी म्हणायचे, "सांगत न्हाई बाबा, लोक म्हणतील पेन्शनीसाठी बोलायलाय."

राहिला सरकारी समारंभ. १७ सप्टेंबरला आपल्याकडं मुक्तिसंग्राम दिन, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव, आणि तेलंगणात सरकार बदललं की दिवसाचं नाव बदलतं. एकाच दिवसाची इतकी बारशी झाली. अमृत महोत्सवी वर्षात मंत्रिमंडळाची बैठक संभाजीनगरला झाली, सिंचनाचे आणि रस्त्यांचे आकडे जाहीर झाले. रस्ते हवेतच. पण मुक्तिसंग्रामाच्या पंचाहत्तरीत गावागावाच्या आठवणी टिपून घ्यायचा साधा कार्यक्रम कुठल्या पॅकेजात मला दिसला नाही. आणि त्याच वर्षी, अवघ्या दोन महिन्यांनी, हेच शासन जन्म-मृत्यूची रजिस्टरं, खासरा पत्रकं, तुरुंगाची रजिस्टरं, पोलिसांचे अटक पंचनामे, सगळं उघडून मोडी-उर्दू वाचक लावून पान न पान तपासत होतं. म्हणजे वाचता येत नाही, माणसं नाहीत, दफ्तर सापडत नाही या सबबी संपल्या. मी आरक्षणाच्या मागणीबद्दल इथं काही बोलत नाही, तो वेगळा विषय. एवढंच म्हणतो की ज्या तुरुंग-रजिस्टरात जात शोधली, त्याच ओळीत कैद्याचं नाव, गाव आणि गुन्हाही लिहिलेला होता. नजर एक रकाना पुढं सरकली असती तर मुक्तिसंग्रामाचा गाववार इतिहास हाताला लागला असता. ते पानांचे फोटो आता कुठल्या तरी हार्ड डिस्कवर आहेत. जातीच्या शब्दासाठी काढलेले फोटो इतिहासासाठी खुले करा, यात नवा पैसासुद्धा लागत नाही.

मी हे बोलू लागलो की दोन उत्तरं मिळतात.

एक उत्तर आमच्या पारावरचे आबा देतात. नव्वदीला टेकलेले, त्या साली गुरं वळत होते. "मास्तर, कशाला उकरायलाव? खपली धरलेली हाय." आबांचा मला आदर आहे आणि खपलीची भीती खोटी नाही. दर १७ सप्टेंबरला सकाळी सातपासून मोबाइलवर काय येऊ लागतं ते आपण बघतो: कुठल्या तरी भलत्याच देशातल्या प्रेतांचे फोटो आणि वर 'मराठवाडा १९४८'. पण आबा, ते येतंच आहे. गाव बोलत नाही म्हणून ते थांबलेलं नाही, उलट गाव बोलत नाही म्हणूनच पोरांकडं त्याला द्यायला उत्तर नाही. त्या फोटोला उत्तर द्यायचं तर आपल्याकडं आपल्या तीन मेलेल्यांची खरी नावं हवीत, जळक्या तुळईचा फोटो हवा, आणि मुलाण्याच्या घराचं काय झालं तेही हवं. अर्धं सांगून चालणार नाही, कारण उरलेलं अर्धं दुसरं कुणीतरी आपल्या सोयीनं भरून टाकतं.

आणि एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. आबांच्या पिढीला खपलीची भीती असेल. पुढच्या पिढीला भीती सातबाऱ्याची आहे. गावाच्या उगवतीला एक रान आहे, काळं, पाण्याचं. बायका खुरपायला जाताना आजही म्हणतात, "मुलाण्याच्या रानात चाललो." सातबाऱ्यावर मुलाणी नाही. १९५४ च्या खासरा पत्रकापासून तिथं दुसरं नाव आहे. ते विकत घेतलं असेल, रीतसर असेल, भीतीपोटी मातीमोलानं दिलेलं असेल, किंवा नुसतंच धरलेलं असेल. मला माहीत नाही आणि मी कुणावर ठपका ठेवत नाही. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनंतर ते रान कुणी परत मागायला येणार नाही आणि कायद्यानंही काही निघणार नाही. तरीसुद्धा, विषय निघाला की पारावरची जी माणसं सगळ्यात आधी उठून जातात, त्यांचे बांध कुठं आहेत हे मी पाहिलेलं आहे. आपण ज्याला गावाचा समंजसपणा म्हणतो त्यात थोडी मोजणीची भीती मिसळलेली आहे.

दुसरं उत्तर शिकलेल्या माणसांचं. पोलीस ॲक्शननंतरचं लिहिलंत तर रझाकारांचं पाप धुतलं जाईल, मुक्तिसंग्राम डागाळेल. हे मला पटत नाही. ज्या लढ्यात स्वामीजींनी तुरुंग काढले, शाळकरी पोरांनी 'वंदे मातरम्' म्हणण्यासाठी १९३८ साली शिक्षणावर पाणी सोडलं, तो लढा इतका कच्चा नाही की नंतरच्या तीन आठवड्यांत कुणा गुंडांनी केलेल्या लुटालुटीनं त्याला डाग लागावा. निजामाची राजवट जायलाच हवी होती, आणि ती गेली म्हणून माझा बाप जगला. पण त्यासाठी मुलाण्याची म्हातारी मेली तरी चालेल असं कुठल्या सैनिकानं कधी म्हटलं होतं? डाग लपवल्यानं लागतो. आजही कुणी परका संशोधक येतो, सुंदरलाल अहवाल टेबलावर ठेवतो आणि विचारतो, तुमच्या गावात काय झालं; तेव्हा आपण झेंड्याकडं बोट दाखवतो.

मी मागतो ते फार मोठं नाही. ग्रामपंचायतीनं एक वही घालावी. जुन्या माणसांचं बोलणं मोबाइलवर जसंच्या तसं टिपावं, त्यांच्याच बोलीत, दुरुस्त न करता. एका गोष्टीची तीन रूपं मिळाली तर तिन्ही लिहावीत. गावाबाहेर गेलेल्यांनाही विचारावं. मुलाण्याच्या घरातला एक नातू सोलापुरात असल्याचं कळलं म्हणून मी गेल्या वर्षी जाऊन आलो. बेकरी आहे. गावाचं नाव काढलं तसा गप्प झाला, मग पोराला म्हणाला, "सर को चाय बोल." चहा पिताना त्यानं एकच विचारलं, "हमारा पंजा अभी है क्या?" आहे म्हटलं. मोहरमला दर वर्षी निघतो म्हटलं. त्याचे आजोबा त्याला पंज्याच्या मधल्या बोटाला पडलेल्या चिरेबद्दल सांगायचे. मी गावी येऊन त्या घरात गेलो, फडकं सोडायला लावलं. मधल्या बोटाला चीर आहे. पितळेच्या टाक्यानं सांधलेली. पंजा ज्यांच्या कोनाड्यात आहे त्या वहिनी म्हणाल्या, "आमाला वाटलं पयल्यापासनंच हाय."

कासीम रझवीला शिक्षा झाली, १९५७ ला तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. निजामाला राजप्रमुख केलं गेलं. मोठ्यांचे हिशोब असे मिटले. छोट्या गावातल्यांचे उघडेच राहिले, आणि ते मिटवायला दिल्ली-मुंबईहून कुणी येणार नाही. त्या साली दहा वर्षांचा असलेला माणूस आज जेमतेम उरला आहे. आमच्या गावात असे नऊ होते, या उन्हाळ्यात दोन गेले. दोघांचंही काही टिपलेलं नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज दिला होता. विषयपत्रिकेवर तो सातवा होता, गटारीच्या आणि घरकुलांच्या खाली. घरकुलांवर दोन तास भांडण झालं, ते होणारच. सातव्या विषयापुढं ग्रामसेवकानं 'वेळेअभावी तहकूब' असं लिहिलं. आता २६ जानेवारीला पुन्हा अर्ज देणार आहे. तोवर शाळेची एक दोनशे पानी वही मी माझ्याच नावानं घातली आहे. पहिल्या पानावर आजीचं बळद आहे, दुसऱ्यावर भावकीतलं ते बोट, तिसऱ्यावर पंज्याची चीर. आबा अजून नाही म्हणतात, पण परवा पारावरून उठताना त्यांनी मला थांबवून विचारलं, त्या सालगड्याच्या बापाचं नाव लिहिलंस का. नाही म्हटलं, कुणाला माहीत नाही. "मला म्हायती हाय," ते म्हणाले आणि काठी टेकत घराकडं चालू लागले.